एम.फार्म. यंदा नक्की

३ मे, सकाळ
ठरलं. यंदा एम.फार्म. बी.फार्म. होऊन मेडिकलच्या दुकानात खोकल्याच्या बाटल्या पुसायला मी जन्मलो नाही. मी संशोधनाचा माणूस. मालकांना तोंडावर सांगितलं, ऑगस्टपासून मी नाही. ते ‘बरं’ म्हणाले. हादरले असणार.

४ मे
आईला सांगितलं. म्हणाली, गेल्या वर्षीही हेच म्हणाला होतास. गेल्या वर्षी मनाची तयारी नव्हती. आज टेबल आवरलं. दमलो. अभ्यास उद्यापासून.

११ मे
फार्माकॉलॉजी उघडलं. पहिल्याच पानावर कॉलेजातल्या मित्राने काढलेलं माझं चित्र. नाक साफ चुकलंय. जाब विचारायला फोन केला. तो औषध कंपनीत लागलाय, गाडी घेतलीय. पैशामागे धावणारी माणसं! मूड गेला. पुस्तक मिटलं.

१९ मे
काउंटरवर नवी ज्युनिअर आलीय. तिलाही एम.फार्म. करायचंय. गिऱ्हाईक नसलं की वाचत बसते. बिचारी! घोकंपट्टीने काय होतं? मी भरपूर मार्गदर्शन केलं, वर माझी पुस्तकंही देऊन टाकली. माझं बेसिक पक्कं आहे. एकदम हलकं वाटलं.

९ जून
ज्युनिअरने विचारलं, सर, प्रवेशाचा फॉर्म भरलात का? हसूच आलं. मुदत जूनची आहे. गोळ्यांच्या पाकिटावर ‘जून’ छापलं की माल जूनच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतो, हे फार्मासिस्टला सांगावं लागतं? ती ‘अहो पण सर’ म्हणत होती, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. आजकालच्या पोरींना भारी घाई.

३० जून, दुपार
फॉर्म भरायला बसलो. वेबसाइट उघडते, पण भरायचं बटणच नाही. फोन लावला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, मुदत दहा तारखेलाच संपली. मी त्यांना एक्सपायरीचा नियम नीट समजावला. त्यांनी फोन ठेवला. शिक्षणक्षेत्रात शास्त्राची चाड उरलेली नाही.

संध्याकाळ
आईला म्हटलं, त्या कोर्सचा दर्जाच घसरलाय. तिने ताट वाढलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

२ ऑगस्ट
ज्युनिअरला प्रवेश मिळाला. आभार मानायला आली. तुम्ही का नाही भरला, म्हणाली. मी म्हटलं, आधी अनुभव, मग डिग्री. तिला पटलं. मला जरा कमी पटलं.
ती गेल्यावर मालकांनी विचारलं, मग तू जात नाहीयेस ना? छे, म्हटलं. म्हणाले, मी तुझ्या जागी माणूस बघून ठेवला होता, आता त्याला नको म्हणून कळवतो.
म्हणजे मी खरंच जाईन असं यांना वाटत होतं. घरात कुणाला वाटलं नाही, खरं सांगायचं तर मलाही नाही. मागच्या फ्रीजचं दार उघडून त्याच्या आड उभा राहिलो आणि रडलो.
मालकांनी हाक मारली. म्हणाले, दार लाव, इंजेक्शनं खराब होतील. आणि तिची सकाळची पाळी आता तूच घे.
घेतली.