झोपेच्या वेळच्या नऊ फेऱ्या

मंगळवार, दुपारी एक वाजून पाच मिनिटं

ताई,

नमस्कार. माझं अक्षर बघून पत्र बाजूला सारू नकोस. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा उद्योग. संध्याकाळी पाळणाघराची पत्रकं तुझ्या कार्यालयात येतात, त्याच पाकिटात हे घालतेय. पत्रकं तरी तुम्हाला उघडावीच लागतात ना, पर्यवेक्षिकाबाई!

भाऊजींचा गुडघा कसा आहे? इकडे आम्ही ठीक. मुलं आत्ताच झोपली. मोठ्या खोलीत चौदा, छोट्या खोलीत आठ तान्ही, आणि दोन्ही खोल्यांत मिळून मी एकटी. दुसऱ्या सेविकेची जागा अकरा महिने 'भरतीच्या प्रक्रियेत' आहे. एवढ्या दिवसांत आमची तान्ही चालायला लागली.

थांब, दहा मिनिटं झाली. फेरी मारून येते.

आले. बावीस पाठींवर हात ठेवला, बावीस श्वास बघितले. म्हणशील, पत्र लिहायला बरा वेळ मिळतो हिला. दोन फेऱ्यांच्या मधे लिहितेय बाई, उभ्याने, खिडकीत वही ठेवून.

परवा गुरुवारी सरकारी समितीपुढे आमचं म्हणणं मांडायचंय. एका खोलीला दोघी, झोपेच्या वेळीसुद्धा. आणि आम्हाला मानधन नको, कर्मचारी म्हणून रीतसर पगार हवा. संघटनेच्या बाईंनी बोलायला मला उभं केलंय, माझा आवाज मोठा आहे म्हणून. लहानपणी तू हाक ऐकून न ऐकल्यासारखं करायचीस, त्यानेच तो मोठा झालाय.

पण सरकारचं उत्तर आधीच आलंय. तुझ्या सहीचा अहवाल. 'झोपेच्या वेळच्या नोंदी नियमित. सध्याचे मनुष्यबळ पुरेसे.' वाचलं आणि कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. तुझा राग आला, खूप आला. मग आठवलं, त्या नियमित नोंदी रोज पाठवत कोण होतं? मीच की!

छोट्या खोलीत रडारड चाललीय. आले हं.

एकाने दुसऱ्याला उठवलं होतं. दोघांचे कपडे बदलले, थोपटून निजवलं. तेवढ्यात मोठ्या खोलीची फेरी हुकली. आज हुकली तर हुकली असंच लिहिणार आहे.

ठमीबद्दल लिहायचं टाळतेय, हे तुझ्या लक्षात आलं असेल. चौदा महिन्यांची, गुबगुबीत, सगळ्या जगाला 'ए' म्हणून हाक मारणारी. त्या दिवशी मोठ्या खोलीत एकाला उलटी झाली, ती पुसत होते. छोट्या खोलीत आले तर ही पालथी, तोंड पांघरुणात, ओठ निळे. तोंडाने श्वास दिला, समोरच्या शिंप्याला ओरडून मुलांपाशी बसवलं आणि तिला छातीशी धरून दवाखान्यापर्यंत पळाले. वाचली पोर. सहा दिवस दवाखान्यात होती.

एवढं तुला माहीत आहे. अहवालात आहे ते. पुढचं नाही.

ठमीला मी पावणेदोनला उचललं. आणि पत्रकावर त्या वेळी अडीचपर्यंतच्या सगळ्या फेऱ्यांच्या खुणा तयार होत्या. मी एक वाजताच करून ठेवल्या होत्या, नेहमीसारख्या. मधेच पेन बदलायचं, एखादी खूण वाकडी काढायची, म्हणजे खरी वाटते. माझ्या पहिल्या आठवड्यात, याच खोलीत, तू शिकवलंस. तेव्हा तूही सेविकाच होतीस. वाईट बुद्धीने नाही शिकवलंस, ताई. रिकामा चौकोन दिसला की जाब सेविकेलाच विचारतात, जोडीला दुसरी बाई कुणी देत नाही. मला सांभाळून घ्यायला शिकवलंस. आणि तीच पत्रकं पुढे ठेवून आज आपल्याला सांगतात, एक बाई पुरते.

पुन्हा फेरी.

काल ठमी परत आली. तिची आई बस चालवते, पोरीला ठेवणार कुठे? ठमीला माझ्याकडे देताना माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "मी पत्रक बघितलं, मावशी. तुम्ही दर दहा मिनिटांनी बघत होतात. तुमच्यामुळे वाचली ती." रडत होती गं. आणि मी काय केलं? मान डोलावली.

शेवटच्या फोनवर तू म्हणालीस, "पत्रकाबद्दल तोंड उघडलंस तर दोघींची नोकरी जाईल." जाईल. तुझी निवृत्ती दोन वर्षांवर आलीय, तेही मला कळतं. भीती मलाही वाटते, काही शूरबीर नाहीये मी. पण उद्या ठमीच्या आईला तोंडावर सांगणार आहे आणि परवा समितीला. तुझं नाव घेणार नाही, खोदून विचारलं तरी नाही. मात्र समोर अहवाल घेऊन तूच बसलेली असशील. माझं बोलणं झाल्यावर 'पुरेसे' हा शब्द तुला मोठ्याने वाचावा लागेल. बघ, जमतंय का.

अडीच वाजले, उठली सगळी. ठमी पाळण्याचा कठडा धरून उभी आहे आणि मला 'ए, ए' करतेय.

आजचं पत्रक सोबत आहे. नऊ चौकोन, सहा खुणा, तीन रिकामे. एकाच पेनने. त्या तीन वेळा मी एकाच खोलीत अडकले, दुसरी बघता आली नाही. इथून तुझ्याकडे आलेलं हे पहिलं खरं पत्रक. खाली तपासणाऱ्याच्या सहीची जागा मोकळी आहे.

या खोलीत एके काळी तूही एकटीच होतीस, ताई.

तुझी,
धाकटी