ढकलल्याने यंत्राची झीज होत नाही

११ फेब्रुवारी १९३४, सकाळी
आजपासून रोजनिशी. तारीख, वेळ, निरीक्षण. फापटपसारा नको.
मोटार काल दारात आली. हिरवी, चार माणसांची, वरून उघडी. रत्नागिरीत मोटार घेणारा पहिला खोत मीच. (दुसरा एक आहे, पण त्याची कायम बंद असते.) बायकोने, मथुरेने, चाकांना हळदकुंकू लावलं. मग मी ऐटीत हँडल मारलं. हँडल उलटं फिरलं. उजवा अंगठा वांग्याएवढा सुजलाय, म्हणून अक्षर असं.
हँडल ही अशास्त्रीय वस्तू आहे. यापुढे हात लावणार नाही.

१२ फेब्रुवारी
गावाहून बाबल्याला बोलावून घेतलं, पडवीत झोपेल. आमचं कूळ. कुळाने दर आठव्या दिवशी खोताकडे एक दिवस वेठीला यायचं, ही पणजोबांपासूनची वहिवाट. याचे बरेच दिवस तुंबलेत. काम सोपं. मी आत बसायचं, त्याने मागून ढकलायचं. अंगणापासून फाटकापर्यंत सत्तर पावलं, जरासा चढ. फाटकाशी गिअर टाकून क्लच सोडला. एक आचका, आणि सुरू!
बाबल्या तोंडावर आपटला. फार हसलो. गुडघे फुटले म्हणतो. जांभ्यावर पडलं की कुणाचेही फुटतात.

१५ फेब्रुवारी
आप्पा आला. शेजारी. निवृत्त ओव्हरसियर, उभा जन्म खडीचे ढीग मोजण्यात गेला. म्हणाला, अशी ढकलून सुरू करू नकोस, चाकांकडून यंत्राला उलटा हिसका बसतो, गिअरचे दाते झिजतील. मी म्हणालो, सिद्ध कर. तो म्हणाला, तूच कर.
पैज लागली. पाचशे धक्के. मग यंत्र उघडायचं. हरेल त्याने वाचनालयासमोर जिंकणाऱ्याची गाडी ढकलायची. (आप्पाची बैलगाडी आहे.) शिवाय मी वाचनालयात निबंध वाचणार: ‘ढकलल्याने यंत्राची झीज होते काय?’ नाव ठरलं म्हणजे अर्धं काम झालं.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळी
पद्धत ठरवली. चुंबकाला दोरा बांधून गिअरपेटीच्या तेलात सोडायचा, मग पांढऱ्या पातळाच्या तुकड्याला पुसायचा. लोखंडाचा कीस दिसला तर झीज. (पातळ मथुरेचं. नवं होतं असं मागाहून कळलं. रागावली.)
धक्का क्र. ९. झीज नाही.

२८ फेब्रुवारी
एक अडचण. गाडी जिथे थांबते तिथे बंद पडते, म्हणजे परत ढकलायला बाबल्या तिथे हवा. आत बसवता येत नाही, गादी मळेल. तो मागून पळत येतो. आज मांडवीच्या किनाऱ्यावर माझ्या शेंगा खाऊन संपल्या तरी पत्ता नाही. आला तो धापा टाकत. म्हणालो, अरे, चालायचं असतं तर मोटार कशाला घेतली? त्याला विनोद कळला नाही.
क्र. ५८. झीज नाही.

७ मार्च
बाबल्या शास्त्रात नाक खुपसू लागलाय. म्हणाला, खोतानू, गाडी वर डोंगराच्या सड्यावं ठेवा, उतारावं सोडलीव का आपसूक चालू व्हईल, मानूस कशाला लागताय?
त्याला समजेल अशा भाषेत सांगितलं. एक, मोटार दारात असावी, तरच ती आपली आहे हे लोकांना कळतं. दोन, उताराचा धक्का मोजता येत नाही. तो मान हलवून गेला. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

२१ मार्च
पंक्चर. मोटार सर्व्हिसमधला मेकॅनिक बोलावला. विचारल्याशिवाय बॉनेट उघडलं. म्हणाला, ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोत नुसती घाण आहे, अर्ध्या तासात साफ करून देतो, मग अर्ध्या हँडलला सुरू होईल, लहान पोरानेसुद्धा मारावं.
मी केवढ्याने ओरडलो! प्रयोगाच्या मध्यावर? गाडी हँडलने सुरू होऊ लागली तर ढकलायची कुणी आणि का? बॉनेट माझ्या हाताने बंद केलं.
बाबल्या फाटकाशी उभा राहून ऐकत होता. मेकॅनिक निघाला तेव्हा याचं तोंड एवढंसं झालं. प्रयोग मोडेल या धास्तीने असणार. पाठीवर थाप मारून म्हणालो, घाबरू नकोस, हात लावू दिला नाही.
क्र. १४०. झीज नाही.

२ एप्रिल
बाबल्याची बायको हौसा आली. म्हणाली, दाढ भाजायची हाय, त्यास्नी चार दीस सोडा. शेण, पालापाचोळा जाळून भाताच्या रोपाची जमीन भाजतात, त्याला म्हणे पुरुषमाणूस हवा. आणि वेठीचे दिवस तर कधीच भरले म्हणाली.
मी शांतपणे समजावलं. एका धक्क्याला दीड मिनिट. आजवर एकशेनव्वद धक्के. म्हणजे पावणेपाच तास. वेठीचा दिवस सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंतचा. बाबल्याचा अजून एकसुद्धा दिवस भरलेला नाही.
(पळत येण्याचा वेळ धरला नाही. ते काम नव्हे, प्रवास आहे.)
हौसाने बोटांवर दिवस मोजले. बाईमाणसाला आकडे लगेच उमजत नाहीत. दाढ एकटीच भाजणार म्हणाली. म्हणजे होतंच तर!

१९ एप्रिल
बाबल्या सकाळी कुंथत आला. म्हणाला, जांगंत गाठ येताय, खोकला का भायेर, निजला का आत. मी पाहिली. लिंबाएवढी. वायू. ओवा दिला.
मथुरा म्हणाली, सरकारी इस्पितळात दाखवा. दाखवू की. पाचशे झाले की दाखवू.
क्र. २६८. झीज नाही. निबंधाचं पहिलं पान चांगलं उतरलंय. ‘यंत्रावर प्रेम करणाऱ्या प्रत्येक सुसंस्कृत गृहस्थाला’ अशी सुरुवात.

४ मे
बाबल्या आता एका हाताने ढकलतो, दुसरा जांघेवर दाबलेला. अर्धा धक्का धरावा काय? विचार करून पूर्ण धरला. आपण कद्रू नाही.
मथुरेने उरलेलं पातळ फाडून त्याच्या कमरेला पट्टा आवळला. माझं चाचणीचं कापड! दोन दिवसांच्या नोंदी बुडाल्या. या घरात शास्त्राला किंमत नाही. दोन वेळा जेवलो नाही. (दुपारी आंबे खाल्ले.)

२२ मे
क्र. ४१२. बाबल्याने पाय धरले. म्हणाला, मना घरा जाव द्या, धूळवाफ पेराची हाय, पावसाआधी पेरला न्हाय तर पोरा काय खातील?
मलाही वाईट वाटलं. खरंच वाटलं. म्हणालो, आता अठ्ठ्याऐंशीच राहिले. पाचशे झाले की तुला गादीवर बसवून, माझ्या मोटारीतून, मी स्वतः तुझ्या घरी सोडीन. सगळा गाव बघेल. त्याने विचारलं, गावात गाडी बंद पडली तं ढकलंल कोन?
हुशार आहे तसा.

२६ मे, सकाळी
बाबल्या उठला नाही. गाठ आत जात नाही, दगड झालीय. रात्रभर हिरवं ओकला. हौसा त्याला न्यायला म्हणून आली होती, उशाशी बसून आहे. मथुरा म्हणाली, आत्ताच्या आत्ता इस्पितळ. आप्पाने भिंतीपलीकडून हाक मारली, बैल जुंपतो. मी म्हणालो, मुळीच नको. बैलगाडीला तास लागेल, मोटारीला दहा मिनिटं. माझा माणूस आहे, मी नेणार.
गादीवर ठेवला. खाली चटई घातली.

त्याच दिवशी, संध्याकाळी
हौसा आणि मथुरा ढकलत होत्या. बायकांना तंत्र नाही. फाटकापर्यंत तीनदा, तीनदा घरंगळत मागे. पाऊण तास गेला. आप्पा भिंतीवरून काहीतरी ओरडत होता, मी लक्ष दिलं नाही. (हे धक्के मोजले नाहीत. गाडी सुरू झाली नाही तर तो धक्का नव्हे.)
चौथ्या खेपेला मागून एकदम नेहमीसारखा जोर आला. क्लच सोडला. आचका. सुरू! मागे आरडाओरडा झाला, मी आनंदाचा समजलो. थांबलो नाही. थांबलं की बंद पडते.
इस्पितळाच्या पायरीशी हॉर्न वाजवला. यंत्र चालू ठेवूनच ओरडलो, पेशंट आणलाय! दोन माणसं स्ट्रेचर घेऊन धावत आली.
मागे नुसती चटई होती.
बाबल्या कधी उतरला, कळलं नाही. एरवी सांगितल्याशिवाय कामाला हात लावत नसे.
परत फिरलो. तो फाटकाशीच होता, तोंडावर पडलेला नव्हता, उताणा केला होता. हौसाने डोकं मांडीवर घेतलं होतं. संपला होता. तिने वर बघून विचारलं, आता तरी भरला काय वो दीस?
प्रसंग पाहून मी हो म्हणालो.
अक्षर पुन्हा वाकडं येतंय. तो जुना अंगठा असावा.
क्र. ४३२. झीज नाही.

२९ मे
मथुरा मोसमातल्या शेवटच्या बोटीने आंजर्ल्याला भावाकडे गेली. बंदरावर मोटारीतून सोडतो म्हणालो तर बॅग डोक्यावर घेऊन चालत निघाली. चार दिवसांत येईल. (आता पावसाळाभर बोट नाही, हे तिच्या लक्षात आलेलं दिसत नाही.)

४ जून
गावाला निरोप धाडला होता, दुसरं कूळ पाठवा. उत्तर आलं, वेठ बंद. सगळ्या वाडीची. बाबल्याची धूळवाफ वाडीने मिळून पेरली म्हणे. आळीतल्या गड्यांना विचारलं. पैसे देतो म्हणालो. मोटारीकडे बघतात आणि जातात.
आप्पा म्हणाला, तू जिंकलास, बाबा, आता ती गाडी विकून टाक. एवढंच बोलून फाटकाबाहेर गेला. हार इतक्या सहज मान्य करील असं वाटलं नव्हतं. पण चारशेबत्तीस म्हणजे पाचशे नव्हेत. अडुसष्ट राहिलेत. शास्त्रात सवलत नाही. मीच पुरे करीन. बाबल्याला जमलं ते मला न जमायला काय झालं?

९ जून, दुपारी
गाडी न्यूट्रलमध्ये ठेवली. मागे गेलो. खांदा लावला. ढकलून, मग पळत पुढे येऊन आत उडी मारायची, असा बेत.
गाडी वीतभर हलली, आणि परत जागेवर. उजव्या जांघेत काहीतरी सटकलं.
झोपून पाहिलं. गाठ आहे. लिंबाएवढी. खोकलो की बाहेर येते. वायू. ओवा घेतला.

संध्याकाळी
ओव्याने काही होत नाही.
चुंबक तेलात सोडून पुसला. लख्ख. झीज नाही.
गाठ आत जात नाहीये. इस्पितळ गाठायला हवं. आप्पाला दोनदा हाक मारली. बैल चरायला गेलेत म्हणाला.
मोटार दारात उभी आहे. ढकलायला कोणी नाही.