प्लेबॅकमधली रचना

२१ ऑक्टोबर
आले एकदाची निपाणीला! बेळगावहून बस सुटताना आप्पांनी रताळ्यांची पिशवी खिडकीतून आत कोंबली आणि कंडक्टरला कानडीत बजावलं, पोर पहिल्यांदाच एकटी राहायला निघालीय, नीट उतरवा. मी संगीत विशारद, शाळेत नोकरी लागलेली, तरी पोरच. आई स्टँडवर आलीच नाही. गावाकडून, बेळगुंदीहून, निघतानाच तिने रडून घेतलं होतं. मी बसमध्ये रडले, संकेश्वर येईपर्यंत. मग भूक लागली.

खोली छान आहे. माडीवर, बाहेरून जिना, खिडकीतून उजेड भरपूर. घरमालकीण अक्काताई एकट्याच असतात. चटणी करून विकतात. खाली घरामागच्या परड्यात मिरची कांडायचं यंत्र आहे. गल्लीत एका बाजूने तंबाखूच्या वखारीचा वास, दुसऱ्या बाजूने मिरचीचा. जिना चढताना मला एवढा ठसका लागला की अक्काताई तांब्या घेऊन धावल्या. होईल सवय, म्हणाल्या, मला तर आता उदबत्तीगत वाटतंय.

२४ ऑक्टोबर
शाळा आवडली. मुलं दंगेखोर, पण गळ्याने गोड. मुख्याध्यापक उपेंद्र सर आपल्याला गाण्यातलं काही कळत नाही असं स्वतःच सांगतात, पण शाळेने रियाजाचं सॉफ्टवेअर घेतलंय याचा त्यांना भारी अभिमान. लॅपटॉप माझ्या हवाली केला. डिसेंबरात स्नेहसंमेलन आहे, स्वागतगीत मी म्हणायचं.

संध्याकाळी खोलीवर बसून पाहिलं. तानपुरा लावायचा, आपली पट्टी सांगायची, गायचं. पडद्यावर आवाजाची रेघ उमटत जाते. सुरात असेल तिथे हिरवी, सूर सुटला की लाल. खाली ‘प्लेबॅक’चं बटण आहे. ते दाबलं की आपलंच गाणं आपल्याला ऐकू येतं. हवा तेवढा तुकडा निवडून पुन्हा पुन्हा लावता येतो, पट्टी न बदलता लय संथ करता येते. यमनातला माझा तीव्र मध्यम नेहमी जरासा उतरतो. बेळगावच्या माझ्या गाण्याच्या बाईंनी त्यापायी माझे कान किती उपटले! आज तो उतरलेला पहिल्यांदा डोळ्यांनी बघितला. लालभडक. एकटीच हसत बसले.

६ नोव्हेंबर
दिवाळी करून आले. आईने करंज्यांचा डबा दिलाय, अर्ध्या अक्काताईंना दिल्या.

आज एक गंमत झाली. यमनाची तीच ओळ म्हटली. मध्यम उतरला, गातानाच कळलं, रेघही लाल. प्लेबॅक लावला तर मध्यम अगदी जागेवर. नुसता जागेवर नाही, त्यात काहीतरी भरलेलं होतं, बाई म्हणायच्या तसं. वाटलं, सॉफ्टवेअर आपणहून सुधारत असेल. सरांना विचारलं. त्यांनी विकणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, तसं काही त्यात नाही, जसं गाल तसं ऐकवतं.

तेवढाच तुकडा लावून ठेवला आणि भात शिजेपर्यंत ऐकत बसले. अक्काताई खालून म्हणाल्या, लई ग्वाड गातीस बाई. मी गात नव्हते हे सांगायचं राहून गेलं.

१३ नोव्हेंबर
रोज शाळेतून आलं की लावते. आता गाणं कमी आणि ऐकणंच जास्त होतं. आज ओळीच्या शेवटी हसणं ऐकू आलं. माझंच, नाकातून सुरू होणारं. आई त्या हसण्याची नक्कल करते. गाताना मी हसले नव्हते. रेघ मी गायले त्यापेक्षा थोडी लांब दिसते, तेवढंच.

मग लक्षात आलं, मी बऱ्याच दिवसांत हसलेच नाही. सकाळी वर्गात चिन्मयीने उपेंद्र सरांच्या चालण्याची नक्कल केली. सगळा वर्ग लोळायचा बाकी होता. मी त्यांचं हसून होईपर्यंत थांबले आणि पेटीचा भाता सोडला.

१८ नोव्हेंबर
अक्काताईंनी आज मिरची कांडायला घेतली. शेजारच्या बायका दारं लावून आत खोकत होत्या. मी परड्यात उभी राहून त्यांच्याशी बोलत होते. त्यांनी पदर नाकाला लावलेला, डोळ्यांतून पाणी. मला काहीच झालं नाही. त्यांनी यंत्र बंद केलं आणि बघत राहिल्या. तुला ठसका कसा लागंना गं, म्हणाल्या. सवय झाली, म्हटलं.

वर येऊन चिमूटभर चटणी जिभेवर ठेवली. माती ठेवल्यासारखी.

२३ नोव्हेंबर
आईचा फोन. म्हणाली, आवाज असा कोरडा का गं, भांडलीस काय माझ्यासंगं? रविवारी ये म्हणाली. मी म्हटलं, बघते, गाणं बसवायचं आहे. फोन ठेवून प्लेबॅक लावला. त्यात मी इतक्या मायेने गात होते की वाटलं आईला हेच ऐकवायला हवं होतं.

२५ नोव्हेंबर
रविवारी गेले नाही.

३० नोव्हेंबर
आई गेली. परवा शेतातून आली, छातीत दुखतंय म्हणाली. बेळगावला न्यायला गाडी दारात येईपर्यंत संपलं. धाकट्या भावाचा, युवराजचा, फोन आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. राहिलेले घातले आणि निघाले.

घर माणसांनी भरलेलं. बायका माझ्या गळ्यात पडून रडल्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. आईजवळ बसले. तिच्या कपाळावरचं कुंकू जरा पुसट झालं होतं, ते नीट केलं. रडायला हवं हे कळत होतं. पदराखाली दंडाला चिमटा घेतला. नखं रुतली, रक्त आलं. दुखलं नाही.

चुलती मला ऐकू जाईल एवढ्याने म्हणाली, शिकली आणि दगड झाली. युवराज तिच्यावर धावून गेला. आप्पा नुसते माझ्या तोंडाकडे बघत होते.

११ डिसेंबर
तेरावं झालं. परत आले. लॅपटॉप फळीवर होता, मी जाताना ठेवला तसाच. उघडला. नवीन रेघ होती. लांबलचक. हिरवीगार. मी गायले नव्हते.

प्लेबॅक दाबला.

गाणं नव्हतं. मी रडत होते. आई गं, आई गं, रविवारी का आले नाही गं मी. असं की कुणाचंही काळीज फाटावं. मी भिंतीला टेकून ऐकत होते.

अक्काताई धावत वर आल्या. रड बाई, पोटभर रड, बरं वाटंल, असं म्हणतच आत शिरल्या. आणि माझं तोंड बघितलं. रडणं चालूच होतं. त्यांचा हात माझ्या खांद्यापर्यंत आला होता, तिथेच थांबला. त्या माझ्याकडे पाठ न करता, तशाच मागे मागे जिना उतरल्या.

१४ डिसेंबर
अक्काताई म्हणतात, मी शाळेत असते तेव्हा दुपारभर वर गाणं चालतं. कधी रडणं, कधी कुणाशी बोलणं. म्हणाल्या, मला भ्या वाटतंय, ते शाळेला परत दिऊन टाक.

दिलं. काल सरांच्या कपाटात ठेवून आले. सर म्हणाले, संमेलनापर्यंत तरी असू दे.

संध्याकाळी खोलीत आवाज होता. यमन. मध्यम बरोबर.

आज लॅपटॉप परत घेऊन आले. तिथे असला काय, इथे असला काय.

१७ डिसेंबर
आप्पांचा फोन. काल तू एवढं बोललीस, रडलीस, मला लई हलकं वाटलं बघ, म्हणाले. आज मातुर परक्यागत का बोलाय लागलीस?

काल मी फोन केला नव्हता.

सांगितलं त्यांना. मग म्हणाले, कालच्यागत बोल की गं.

भ्यायला हवं. कळतंय. भीती कशी असते ते आठवतंय, इथे, छातीत, काहीतरी व्हायचं. आता तिथे काही नाही.

२० डिसेंबर
संमेलन झालं. लॅपटॉप फक्त तानपुऱ्यासाठी लावला होता. पडदा वर गेला. मी तोंड उघडलं आणि कर्ण्यांतून आवाज आला. तो मी काढलेला नव्हता. मी तोंड मिटलं.

गाणं चालूच राहिलं.

बायका डोळे पुसत होत्या. टाळ्या थांबेनात. उपेंद्र सरांनी शाल दिली. फक्त चिन्मयी पहिल्या रांगेतून माझ्या ओठांकडे बघत होती. मग ती आईच्या कुशीत तोंड लपवून रडायला लागली.

२१ डिसेंबर
पुसून टाकायचं ठरवलं. सगळ्या रेघा निवडल्या. बोट बटणावर ठेवलं.

तेव्हा प्लेबॅकमधली ती बोलली. पहिल्यांदाच माझ्याशी. शांतपणे, माझ्याच आवाजात. म्हणाली — पूस. पण मग आईसाठी कोण रडणार गं?

मी विचार केला. खूप वेळ.

बोट काढून घेतलं.

२२ डिसेंबर
दुकानात साखर मागितली. दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत राहिला. पुन्हा मागितली — ओठ हलले, एवढंच. बोट दाखवून घेतली.

शाळेत हजेरी घेता आली नाही. सरांनी घरी जायला सांगितलं, घसा बसला असेल म्हणून.

घसा दुखत नाही. काहीच —

२३ डिसेंबर
आप्पा येणार आहेत मला न्यायला. अक्काताईंनी सांगितलं. तूच बोलावलंस की फोन करून, म्हणाल्या — माझ्याकडे न बघता, माडीच्या खिडकीकडे बघून म्हणाल्या. मी त्यांच्या पुढ्यात उभी होते.

वर ती गुणगुणत होती. आनंदात. कपडे भरताना गुणगुणतात तसं —

२४ डिसेंबर
आरशात दिसते मी. अजून. पण श्वास टाकला तर काच —

कुणाला तरी सांगायला हवं. कुणाला. आणि कशाने —

२५ डिसेंबर
जिन्यात बसलेय. आत बसवत नाही. आप्पा गल्लीत शिरले — पांढरी टोपी — अक्काताईंनी वर बोट दाखवलं —

हाक मारली. रचे.

मी तोंड उघडलं.

आतून उत्तर आलं. या की वर, आप्पा. भात टाकलाय.

आप्पा हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदा — चढताहेत — माझ्याकडे बघताहेत, नाही, माझ्यातून — मी हात धरला त्यांचा — कोळिष्टक झटकावं तसा झटकला —

दार लोटलं त्यांनी. आत दोघं रडताहेत. एकमेकांना धरून. किती बरं वाटत असेल त्यांना —

कडी लावताहेत आतून — आप्पा, मी इ