पोर्चमधली गाडी वगळून माझ्या बाकी सर्व मालमत्तेबाबत

मी, खाली सही करणारी बाई, वय एकोणऐंशी, धंदा गॅरेज, शिक्षण चौथी नापास, हे मृत्युपत्र माझ्या अकलेने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचं विचारत नाही असं वकील म्हणाले. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. करून बघावी. याआधी मृत्युपत्र केलं नव्हतं, कारण मरायला सवड नव्हती.

कलम १. राहतं घर. माझे दोन मुलगे, थोरला आणि धाकटा, यांना निम्मं निम्मं. खालचा मजला थोरल्याचा, वरचा धाकट्याचा, जिना दोघांचा. तो झाडायचा कोणी यावरून खुशाल भांडावं, ऐकायला मी नसेन. अट एकच. घरातला एकही नळ दोघांनी आवळायचा नाही. यांच्या वडिलांना जे दिसेल ते आवळायची खोड होती. "अजून एक वेढा," हे त्यांचं ब्रीद. नळ, नट, बरण्यांची झाकणं, काही सुटलं नाही. साखरेची एक बरणी शेवटी फोडून उघडावी लागली. पोरांनी बापाचा नेमका तेवढाच गुण उचलला.

कलम २. बँकेतली ठेव. आधी माझ्या आजारपणाला, उरेल ते दोघांना सारखं. आजारपण थोडक्यात आटपायचा विचार आहे, पण शब्द देत नाही.

कलम ३. गॅरेजची हत्यारं धाकट्याला. त्याला येतात म्हणून नव्हे, थोरला भंगारात घालील म्हणून. फक्त लांब दांड्याचा पाना कोणालाच नाही. तो मी हयातीतच भंगारवाल्याला दिला. का, ते पुढे कळेल.

कलम ४. नणंद. माझी पितळेची कळशी तिने दोन दिवसांसाठी नेली ती नेलीच. कळशी माफ. "ती माझीच होती" हे बोलणं माफ नाही. माझ्या शेवटाला तिने जरूर यावं, पण पुढे बसून रडू नये.

कलम ५. गाडी. इथे वकिलांनी दोन ओळी लिहिल्या होत्या. त्या मी खोडल्या. का खोडल्या ते सांगितल्याशिवाय पुढे कज्जा होईल, म्हणून लिहिते.

गाडी मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, भंगारातून आणून जुळवली. ते गेले तेव्हापासून ती पोर्चमध्ये झाकून उभी होती. पोर्चला लागूनच स्वयंपाकघराची खिडकी. लेकी बोले सुने लागे म्हणतात, पण मला लेक नाही. थोरल्याची बायको, म्हणजे माझी एकुलती सून, हिला काही बोलायचं तर मी गाडीला बोलायचे. "काय गं, उन्हं वर आली, अजून तुझं इंजिन थंडच?" आतून ती भांडी विसळत गाडीलाच उत्तर द्यायची, "तुला बरंय बाई. एका जागी उभं राहून नुसता आवाज करायचा." आमचं असं छान चाललं होतं.

मग मुलांनी एक हॉटेलवाला गाठला. त्याला गाडीचं इंजिन उपसून, तिथे कुंड्या भरून, ती दारात शोभेला ठेवायची होती. थोरला म्हणाला, "आई, बंद पडलेली गाडी. मांजर व्यायलाच उपयोगी."

"आणि चालू झाली तर?"

"चोक न ओढता जागेवर चालवून दाखव, मग राहू दे घरात," तो हसत म्हणाला. हॉटेलवाला रविवारी येणार होता.

मालकांची बोटं जाड. गॅरेजातले कार्ब्युरेटर साफ करायला माझ्याकडेच यायचे. आता माझी बोटं वाकडी झाली. कोणाला हाक मारावी या विचारात होते, तर सून पदर खोचून आली आणि गाडीला म्हणाली, "सांग, काय करू?"

आधी टाकीतलं नासकं पेट्रोल काढलं, टाकी धुतली. नवं घालून, गॅरेजातली बॅटरी लावून स्टार्टर मारला. काही नाही. कार्ब्युरेटरच्या तोंडात चमचाभर पेट्रोल ओतलं, तर गाडी भुर्र झाली आणि मेली. म्हणजे ठिणगी होती, खालून पेट्रोल येत नव्हतं. कार्ब्युरेटर उघडला. आत जुन्या पेट्रोलचा डिंक झालेला, फ्लोट चिकटलेला, पेट्रोल जिथून येतं ती जेटची बारीक भोकं बुजलेली. धाकटा तार घेऊन धावला. मी हातावर चापट मारली. तारेने भोक मोठं होतं, मग गाडी अधाशासारखी पेट्रोल पिते. सुनेने सगळं भिजत घालून फुंकून मोकळं केलं.

बसवायचं काम धाकट्याने मागून घेतलं. आवळला. "अजून एक वेढा," म्हणाला आणि लांब दांड्याचा पाना लावून पुन्हा आवळला.

गाडी चालू झाली, पण चोक ओढून हवा कोंडलेली असेल तोवरच. चोक आत ढकलला की दम सोडायची. धाकटा म्हणाला, "जेटच खराब." थोरला म्हणाला, "नशीबच खराब." शनिवार उजाडला होता. सून मात्र बॉनेटमध्ये कान घालून उभी. मला म्हणाली, "आई, कुकरची रिंग ढिली झाली की येतो ना, तसा सूंऽऽ आवाज येतोय. खालून."

"तिथे तेलाचा थेंब सोड."

कार्ब्युरेटर इंजिनावर बसतो त्या सांध्यावर तिने तेल सोडलं. तेल आत ओढलं गेलं आणि घडीभर गाडी मांजरीसारखी गुरगुरली. सापडलं. सांध्यातून फुकटची हवा आत जात होती. आवळून आवळून बापलेकांनी कार्ब्युरेटरचं बूड वाकवलं होतं. बोल्ट बसतात ते दोन्ही कान खाली, मधे फट.

बूड सपाट करायला काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासावं लागतं. घरात सरळ जाड काच एकच, मालकांच्या फोटोची. सुनेने फोटो उतरवला.

"अगं, बाबांचा फोटो!" थोरला ओरडला.

"बाबांनीच वाकवलंय," ती म्हणाली आणि घासायला बसली. काचेवाचून माणूस जास्त मरत नाही.

रविवारी हॉटेलवाला टोचन गाडी घेऊन आला, तेव्हा आमची गाडी चोक आत ढकलून जागेवर चालत होती. "वा, पण इंजिन आम्हाला नकोच आहे," तो म्हणाला. सून आत बसली, गिअर टाकला आणि त्याच्या पोटाला वारा लागेल इतक्या जवळून फाटकाबाहेर निघून गेली. भाजी घेऊन परत आली. थोरल्याने दिलेला शब्द पाळला. नसता पाळला तर हे घर कलम १ मध्ये निम्मं निम्मं राहिलं नसतं.

म्हणून माझ्या पश्चात गाडी सुनेला, असं मी लिहून घेतलं. तिने ते वाचलं आणि कागद माझ्यासमोर ठेवला.

"आई, मेल्यावर नको. तुम्ही शंभरी गाठलीत तर मी रोज तुमची नाडी बघत बसू? मला गाडी चालवायची आहे. आत्ता द्या."

या घरात इतकं सरळ कोणी काही मागितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वाहन कार्यालयात जाऊन नाव बदललं. गाडी तिची आहे. माझ्या मरणाशी त्या गाडीचा काही संबंध नाही.

वरचं सगळं मी वाचून, वाचून दाखवून, साक्षीदारांसमोर सही केली आहे.

सही: लिहून ठेवणारी, स्वतः
साक्षीदार: शेजारची शिंपीण (सही)
साक्षीदार: कोपऱ्यावरचा पंक्चरवाला (सही)
ठिकाण: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: नोंदणीच्या शिक्क्यावर असेल तो