गोळे पडायचे थांबेपर्यंत

५ जानेवारी
आदेनोर आज पुन्हा दारात! माझा सख्खा धाकटा भाऊ. आपल्या वाटणीचं रान जाळून गुरं सोडली याने. आता पावसाने दगा दिला, गवत करपलं, गुरांची हाडं दिसायला लागली — तेव्हा बहीण आठवली. "ताई, तुझ्या रानात मलाही कास्तान्याचे गोळे वेचू दे ना, आतल्या बिया विकीन." तोंड वर करून म्हणतो! म्हटलं, "तुझी झाडं आहेत की कुरणात. त्यांच्याखाली वेच."

आहेत खरी. कास्तान्याचं झाड तोडायला कायद्याने बंदी, म्हणून तेवढी ठेवली. तेव्हा केवढा मिरवत होता — "बघ, तुझ्या लाडक्यांना हातसुद्धा लावला नाही!" पण भोवतीचं रान गेलं तशा मधमाश्याही गेल्या. फुलं येतात, गळून जातात. फळ एक नाही. बरं झालं. चांगली जिरली!

८ जानेवारी
लोरिव्हाल म्हणतो, "अगं, नेऊ दे दोन टोपल्या. त्याची पोरं उपाशी आहेत." माझा नवरा म्हणजे देवमाणूस. राग येतो मला त्याचा. मी मंडिओकाच्या कंदाचं पीठ भाजत राहिले.

११ जानेवारी
गोळे अजून पडताहेत. पाऊस उशिरा, म्हणून सगळंच उशिरा. एरवी नाताळ उलटला की रान शांत होतं, मग टोपल्या निघतात. आता रोज कान देऊन बसायचं — धप्प! नारळाएवढं फळ, तेही एवढ्या उंचावरून. डोक्यात बसलं तर माणूस ओरडतसुद्धा नाही. गोळे थांबेपर्यंत आमच्यात कुणी आत पाऊल टाकत नाही. वाऱ्यात तर नाहीच.

१३ जानेवारी
वारा सुटलाय. सकाळी आदेनोर पाठीला टोपली बांधून माझ्याच रानात शिरताना दिसला. चोर! जानेवारी लागला म्हणजे गोळे पडून गेले, असं धरून चालला असणार. गुरांमागे राहून रान विसरला. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. नाही मारली. बसू दे एक डोक्यात!

जेवताना लोरिव्हालला सांगितलं. ताटावरून उठलाच. "वेडी आहेस का तू?" हातही न धुता गेला. त्याचा भात झाकून ठेवलाय.

१३ जानेवारी, संध्याकाळ
आदेनोर परत आला. पाठीवर टोपली नव्हती, लोरिव्हाल होता.

"दाजी मला हाका मारत येत होते, ताई." एवढंच पुन्हा पुन्हा म्हणतोय.