राखेचं सिमेंट

७ ऑक्टोबर
डोकं फिरलंय नुसतं! जेवायला बसलो आणि दाजींनी विषय काढलाच. ताईचा नवरा, वयानं थोरला, बांधकामाचा ठेकेदार. म्हणून काय वाट्टेल ते बोलावं?
'राख भांडी घासायला असते, मेहुणीबाई. स्लॅब घालायला नाही. तुमच्या कारखान्यात सरळसरळ भेसळ चालते.'
भेसळ! मग सिमेंटच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत बसून मी काय गोट्या खेळते?
म्हटलं, ऐका तरी. वीजकेंद्राची चांगली राख पिठासारखी असते, कण गोल, त्यामुळे माल सुळसुळीत होतो, पाणी कमी लागतं. सिमेंट भिजलं की त्यातून चुना सुटतो. त्याला ही राख सावकाश धरते, आतली भोकं बुजवते. मग पाणी झिरपत नाही. माल तापून तडकतही नाही. लोखंडाच्या भट्टीची मळी वेगळी, चुनखडीची पूड वेगळी. प्रत्येकीचा स्वभाव बघून प्रमाण ठरवायचं. राखेचं एवढंच — सुरुवातीला ती मंद.
'मंद म्हणजे?'
म्हणजे टेकू नेहमीपेक्षा जास्त दिवस ठेवायचे. पाणी जास्त दिवस मारायचं. थंडी असली तर आणखी थांबायचं.
'झालं! म्हणजे मी टेकूला मिठी मारून बसू?'
ताई हसली. सख्खी बहीण! मी ताटावरून उठले.

१० ऑक्टोबर
घेतलं दाजींनी आमचं सिमेंट! दवाखान्याच्या पोर्चचा स्लॅब आज घातला. वर मलाच ऐकवतात, 'तुमच्या शब्दावर घेतलंय हं.'
शब्दावर घेतलंय तर शब्द पाळा म्हणावं. घाई हा त्या माणसाचा जन्माचा रोग आहे. लग्नाआधी ताईला बघायला आला तो पत्ता न विचारताच निघालेला — शेजारच्यांकडे चहा पिऊन आला!

१९ ऑक्टोबर
यंदा थंडी लवकरच पडली. दाजींना निरोप पाठवला, टेकूला अजून हात लावू नका. उत्तर नाही. त्यापेक्षा भिंतीशी बोलावं.

८ नोव्हेंबर
पोर्च कोसळला.
एक गवंडी खाली सापडला. जीव वाचला, पाय मांडीपासून चिरडलाय. दवाखान्याच्या दारातच! आत बायका तपासून घ्यायला रांगेत उभ्या होत्या. थोडं पुढंमागं झालं असतं तर?
तळपायाची आग मस्तकात गेली आहे. टेकू काढले असणार. दुसरं काय? कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं!

९ नोव्हेंबर
सकाळीच जाऊन त्या खेपेचा आमच्याकडे ठेवलेला नमुना काढला. राख फिकट, मऊ. त्याच नमुन्याचे तेव्हाच घालून ठेवलेले ठोकळे यंत्राखाली दाबून फोडले. हवा होता त्याहून जास्त भार सोसला त्यांनी. मोठे साहेब मागे येऊन उभे. 'बघ, आपला माल चोख. हे ठेकेदार लोक असेच. तू नको मनाला लावून घेऊ.'
एरवी हा माणूस गुड मॉर्निंगलाही मान हलवत नाही.
दुपारी पोलीस आले. मी जबाब दिला — सिमेंट उत्तम होतं, टेकू वेळेआधी काढले असावेत. दाजींना घेऊन गेले.
संध्याकाळी ताई बॅग घेऊन आईकडे, म्हणजे इथंच आली. दारातच म्हणाली, 'जबाब देताना माझा नवरा दिसला नाही तुला?'
'दिसला. त्या गवंड्याचा पायही दिसला!'
आई मध्ये पडली म्हणून, नाहीतर आज आम्ही एकमेकींच्या झिंज्या उपटल्या असत्या.

११ नोव्हेंबर
ताई बोलत नाही. मी तरी कशाला बोलू? आई दोघींचे निरोप पोचवते आहे. 'तिला सांग, चहा झालाय.' तीन माणसांच्या घरात!

१२ नोव्हेंबर
गवंड्याला भेटायला गेले. खरं लिहायचं तर त्याच्या तोंडून ऐकायचं होतं, म्हणजे ताईच्या तोंडावर फेकता आलं असतं.
'लवकर काढले? कोण म्हणतं?' तो उठून बसायला लागला, नर्स ओरडली. 'अहो बाई, आम्हीच मागे लागलो होतो, काढू द्या, फळ्या दुसऱ्या कामाला पाहिजेत. ठेकेदार हात लावू देईनात. म्हणायचे, मेहुणीनं सांगितलंय. तुमचा ठरलेला दिवस उलटला, तरी वर अजून थांबले. मग काढले. शेवटचा टेकू निघाला अन् वरून करकर आली.'
मी स्टूलवरून तशीच उठले.
तिथून थेट पोर्चच्या बांधकामावर गेले. पत्र्याच्या शेडमध्ये आमचं एक पोतं उरलं होतं. पीठ हातात घेतलं. काळपट! बोटांत खरखर लागली.

१३ नोव्हेंबर
चाळणीवर धुतलं, वर केवढा तरी चोथा राहिला. भट्टीत तापवलं, वजन इतकं घटलं की तराजूच बिघडला वाटून पुन्हा तोललं. न जळलेला कोळसा! असली राख नुसतं पाणी पिते. तिचा जोर ना आज येत, ना वर्षानं. वर चुनखडीची पूड भरमसाट कोंबलेली. हे सिमेंट मी कधी बघितलंच नव्हतं. मला दाखवला तो नमुना वेगळा, पोत्यात भरलं ते वेगळं.
साहेबांच्या टेबलावर ते पोतं उपडं केलं. फायलींवर, चहात, सगळीकडे राख!
'वीजकेंद्र दुरुस्तीला बंद आहे,' ते शांतपणे म्हणाले. 'मिळेल ती घेतली. कारखाना बंद ठेवायचा होता का?'
'माणूस मेला असता!'
'आरडाओरडा करण्याआधी विचार कर. माल तुझ्या सहीनं बाहेर पडतो.'
हात पाठीमागे धरूनच बाहेर पडले. त्या माणसाचं नरडं तेवढं जवळ होतं.

१४ नोव्हेंबर
जबाब बदलायला चौकीत गेले. अंमलदार म्हणाले, 'आता कशाला, बाई? तुमच्या दाजींनी पहिल्याच दिवशी कबूल केलं की टेकू मीच घाईनं काढले. सिमेंटचं विचारलं तर आमच्यावरच भडकले. म्हणाले, सिमेंटचं नाव काढायचं नाही, ते माझ्या मेहुणीनं तपासलंय.'
मी खुर्ची पुढे ओढली. म्हटलं, लिहा.