अप्पा आणि अम्मा

मी, कुसुमावती बाळाचार्य निडगुंदीकर, वय बासष्ट, अविवाहित, बहिऱ्या-मुक्या मुलांच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, राहणार उणकल, हुबळी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डोळे चांगले आहेत. उजव्या कानाने कमी ऐकू येते, पण त्याने या लिखाणात काही बिघडत नाही. माझ्यावर कोणाचा दाब नाही. माझा भाचा प्रभंजन, कोप्पीकर रोडवर वकिली करतो, त्याने कलम चार गाळण्याची तीनदा विनंती केली. ते गाळलेले नाही.

१. प्रभंजनला माझे सागवानी कपाट, वडिलांच्या पोथ्या आणि पितळी समया द्याव्यात. या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्यानेच करावी. तो चिडका आहे, पण कागद हरवत नाही.

२. माझी शिकवण्याची साधने: हातआरसा, जीभ दाबायची चपटी काडी, मेणबत्तीचा ठाणवा आणि कागदाच्या पट्ट्यांचा डबा. ही शाळेला द्यावीत. पट्ट्या कशासाठी, ते नव्या शिक्षकांसाठी लिहून ठेवते. प, ब आणि म ओठांवर अगदी सारखे दिसतात. ओठांपुढे पट्टी धरली तर प म्हणताना ती हलते, म म्हणताना हलत नाही. म ओळखायचा तर मुलाचे बोट आपल्या नाकाला लावून द्यावे, तिथे थरथर लागते. म्हणजे मुलाचा हात मोकळा हवा. हे मला प्रशिक्षणात पहिल्याच महिन्यात शिकवले होते.

त्याच डब्यात तळाशी एक खादीची पट्टी आहे, वीतभर रुंद. ती जाळू नये. जाळली की ती कधी नव्हतीच असे होईल. आमच्या काळी मुलांनी हातवारे केले तर बोलायला शिकत नाहीत, असे मानत. हेडमास्तरांचा नियम होता की तासाला मुलांचे हात पाठीमागे बांधावेत आणि खोलीबाहेरही वर्गाच्या वेळात सोडू नयेत. मी नियम पाळला. इतरांपेक्षा काटेकोर पाळला. हेडमास्तर वारले. त्यांच्या तसबिरीला माझ्या पैशाने हार घालू नये.

३. उणकलचे दोन खोल्यांचे घर आणि मागचे परस, माझी विद्यार्थिनी लक्कव्वा सत्याप्पा हिला मी देते. १९६३ साली ती आठ वर्षांची होती. हयात असेल तर आज चव्वेचाळीस. उजव्या भुवईवर भाजल्याचा डाग आहे. ती सापडेपर्यंत घरात बहिऱ्या मुलींना राहू द्यावे, भाडे घेऊ नये. पोस्टातली शिल्लक तिच्या शोधावर आणि कलम चार वर्तमानपत्रांत छापण्यावर खर्च करावी, मिरजेकडच्या वर्तमानपत्रांत आधी.

घराला दाराची घंटा नाही. बटण दाबले की आत दिवा लागतो. माझ्याकडे येऊन-जाऊन असणाऱ्या बहिऱ्या मुलांना घंटा काय कामाची. हा दिवा काढू नये. शनिवारी दुपारी चारच्या सुमारास तो कधी कधी लागतो आणि दारात कोणी नसते. वायरमन दोनदा येऊन गेला. "टीचर, वायर एकदम चांगली आहे," म्हणाला आणि पैसे न घेता गेला. मी दार उघडते. घरात राहणाऱ्यांनीही उघडावे.

४. लक्कव्वाची आई दुर्गव्वा गिरणीत कामाला होती. दर शनिवारी पाळी संपली की चार वाजता शाळेच्या फाटकाशी यायची आणि मुलीला रविवारपुरती घरी न्यायची. छप्पन्न साली आमचा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. पुढे शाळा मराठीची कन्नड झाली आणि तिकडची पुस्तके आली. आधी मी 'आई' आणि 'बाबा' शिकवत असे. ओठांवर दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक. नव्या पुस्तकात 'अम्मा' आणि 'अप्पा' होते. मी तेच शिकवले.

दुर्गव्वा हसली होती. शिक्षिकेला ती अक्कोरे म्हणे. "अम्मा म्हणे! मी काय म्हैसूरची बाई आहे का, अक्कोरे? आमच्यात अव्वा म्हणतात, अव्वा!"

"पुस्तकात अम्मा आहे," मी म्हणाले.

"पुस्तकानं हिला जन्म दिला काय?"

व म्हणताना खालचा ओठ दाताला लागतो. बहिरे मूलसुद्धा अव्वा आणि अप्पा यांत चुकणार नाही. त्या अडाणी बाईने थट्टेत जे सांगितले ते मला, शिकलेलीला, कळले नाही.

त्रेसष्टच्या पावसाळ्यात तिने मला बाजूला घेतले. "अक्कोरे, हिचा अप्पा आला तर सोडू नका. मिरजेकडे कुणाच्या घरी कामाला ठेवणार म्हणतोय. मुकी पोर तक्रार करत नाही, म्हणे. आलाच तर तिला विचारा. ती नको म्हणाली तर नकोच."

एका शनिवारी तीन वाजता सत्याप्पा आला. स्वच्छ धोतर, गोड बोलणे. मी वर्गात जाऊन लक्कव्वासमोर वाकले आणि ओठ स्पष्ट हलवून विचारले, "अप्पा आला. अप्पा. जातेस?"

तिचा चेहरा उजळला. शनिवारी येणारे माणूस तिला एकच माहीत होते. तिने ओठ मिटून उघडले आणि आवाज काढला. अपा की अमा, मला सांगता आले नाही. पट्टी धरली नाही. तिचे बोट नाकाला लावले नाही, हात बांधलेले होते. आपणहून बोललेला तिचा तो पहिला शब्द. मला आनंद झाला.

फाटकापाशी त्याला पाहून ती थबकली. मी तिच्या मागे होते. पाठीमागे बांधलेल्या हातांचा अंगठा आणि तर्जनी तिने चिमटीसारखी जुळवली आणि फिरवली, पुन्हा पुन्हा. मला वाटले, चाळा करते. मी तिच्या हातांची पट्टी सोडली तोवर त्याने तिचे मनगट धरले होते. ती परत आली नाही.

चार वाजता दुर्गव्वा आली.

रजिस्टरात मी लिहिले: 'मुलीने वडिलांना अप्पा म्हणून ओळखले व खुशीने गेली.' त्या एका ओळीवर पोलिसांनी दुर्गव्वाची तक्रार घेतली नाही. पुढची आठ वर्षे ती शनिवारी फाटकाशी येऊन उभी राहायची. एकदा मला म्हणाली, "खुशीनं गेली म्हणता. मग माझंच काहीतरी चुकलं असेल, अक्कोरे." एकाहत्तरच्या दिवाळीनंतर ती वारली.

चौऱ्याहत्तर साली माझा जुना विद्यार्थी नागोजी आई गेल्याचे सांगायला आला. त्याने अंगठा-तर्जनीची चिमूट नाकपुडीशी नेऊन फिरवली. नथ. मुलांची आपसातली 'आई'ची खूण. शाळेत पंधरा वर्षे झाली होती आणि मी ती पहिल्यांदा ओळखली. लक्कव्वाचे हात नाकापर्यंत पोचू शकत नव्हते.

म्हणून मी जाहीर करते की रजिस्टरातली ती ओळ खोटी आहे. लक्कव्वा खुशीने गेली नाही. तिला वाटले, आई आली. लक्कव्वा, तुझ्या आईने तुला दिले नाही. मी दिले. हे कलम शाळेत मुलांसमोर वाचावे, आणि नुसते वाचू नये, हातांनी सांगावे.

५. साक्षीदाराला मृत्युपत्राने काही देता येत नाही, म्हणून नागोजीला काही ठेवलेले नाही. तो कमरीपेठेत छापखान्यात खिळे जुळवतो. प्रभंजन म्हणाला, "आत्या, मुका साक्षीदार कोर्टात बोलणार काय?" मी सांगितले, साक्षीदाराने सही होताना पाहायची असते. पाहण्यात त्याचा हात कोण धरणार?

आज सही करण्यापूर्वी हे सगळे मी नागोजीला हातांनी सांगितले. चौथे कलम सांगताना माझी बोटे अडखळली. त्याने घाई केली नाही. मग तो उठला, माझ्याकडे पाठ केली, दोन्ही हात मागे घेतले आणि चिमूट फिरवली. वळून त्याने सांगितले ते असे:

"खिडकीतून फाटक दिसायचं, बाई. आम्ही अकराजणांनी तिचं वाचलं. तुम्ही परत आलात तेव्हा आम्ही सगळे तुम्हाला हेच सांगत होतो. पाठीमागे. तुम्ही समोर उभ्या होतात."

त्या दिवशीच्या रजिस्टरात माझ्या अक्षरात आणखी एक शेरा आहे: 'वर्ग अत्यंत शांत. शिस्त उत्तम.' तोही खोटा धरावा.

वरील मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली.

उणकल, हुबळी
शनिवार, दि. १४ ऑगस्ट १९९९, दुपारचे चार

(सही) कुसुमावती बाळाचार्य निडगुंदीकर

साक्षीदार:
१. (सही) सोनाबाई भरमा कांबळे, शेजारीण, उणकल
२. (सही) नागोजी परसू मोरे, कमरीपेठ. मी पाहिले.